रोज पाणी येणाऱ्या सोलापुरावरची लाल ओळ

माझ्या बायकोच्या खात्याचा पासवर्ड मी मंगळवेढ्याच्या भाच्याला दिला. तिला न विचारता दिला, देऊ नये हे ठाऊक असताना दिला, आणि पुढे जे झालं त्याचं खापर दुकानावर फोडलं. हे आधीच सांगून टाकतो. कारण यापुढे मी बायकोचं कौतुक करणार आहे, आणि कौतुक करता करता आपली चूक गिळून टाकायची मला जुनी सवय आहे.

खातं होतं गेमचं. कॉम्प्युटरवरचे गेम ज्या ऑनलाइन दुकानातून विकत मिळतात, तिथलं. पन्नाशीला आलेल्या, पालिकेच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईचं असं खातं असतं हे ऐकून आमचे नातेवाईक अजून हसतात. हसू देत.

गेमचा नाद खरं तर माझा. मी चादरींच्या कारखान्यात डिझाइन काढतो. पूर्वी चौकटीच्या कागदावर काढायचो, आता कॉम्प्युटरवर. त्या निमित्ताने घरी कॉम्प्युटर लवकर आला. तेव्हा इथे सोलापुरात, नव्या पेठेतल्या दुकानांत बहुतेक सीड्या घरी कॉपी करून भरलेल्या, प्लास्टिकच्या पातळ पाकिटातल्या असायच्या. मी मात्र अस्सल, खोक्यातली सीडी मागवून घ्यायचो आणि तिचा मोठा अभिमान मिरवायचो. खोकी काचेच्या कपाटात, चांदीच्या भांड्यांच्या शेजारी. कॉलनीतलं कुणीही यावं, सीडी घेऊन जावं. आमच्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत, तो नियम लोकांनी सीडीलाही लावला. खोक्याबरोबर कधी शेंगाची चटणी यायची, कधी कडक भाकरी. एकदा चटणीचं तेल थेट सीडीवर सांडलं. ती सीडी नंतर कधी चालली नाही, पण देवघेवीला मी कधी नाही म्हटलं नाही.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी शहर वसवायचा गेम खेळत होतो. बायको मागे कणकेच्या हातांनी उभी राहून बघत होती.

"अहो, आधी गटार की आधी रस्ता?"

"रस्ता."

"म्हणजे मग रस्ता पुन्हा खोदणार. अगदी आपल्या सोलापुरासारखं केलंत की हो." तिने हात धुतले आणि माझ्या हातातला माउस घेतला. तो मला परत मिळाला असं म्हणता येणार नाही.

त्या गेमची पुढची आवृत्ती सीडीवर आलीच नाही, फक्त ऑनलाइन दुकानात मिळत होती. खातं तिच्या नावावर काढलं. खातं काढताना सगळे जण 'मान्य आहे' वर बोट दाबून मोकळे होतात. ही बाई चष्मा लावून तो सगळा करार वाचत बसली.

"अहो, हे विकत देत नाहीत. वापरायची परवानगी देतात नुसती. सीडी आपली असते, हे आपलं नाही."

"सगळीकडे असंच असतं गं."

"आणि खातं दुसऱ्याला वापरायला द्यायचं नाही. इथे स्पष्ट लिहिलंय. तुमची ती चटणीची देवाणघेवाण आता बंद."

मी हसलो होतो. ते हसणं आता आठवतं.

त्या दुकानाने आम्हाला सुख दिलं, हेही खरं आहे. दिवाळीच्या सुमाराला निम्म्याहून कमी किमतीत गेम मिळायचे. एक गेम तिला आवडला नाही, तर त्यांनी तो मुकाट्याने परत घेतला. "साडी परत घ्यायला दुकानदाराशी किती भांडावं लागतं," ती म्हणाली, "आणि इथे कारणसुद्धा नीट वाचलं नसेल त्यांनी." वीज जाऊन-येऊन आमचा जुना कॉम्प्युटर जळाला तेव्हा मला वाटलं, सगळं गेलं. नव्या कॉम्प्युटरवर तिने खातं उघडलं आणि सगळे गेम, तिच्या शहरासकट, एकेक करून परत आले. सीड्या असत्या तर ओरखडे मोजत बसलो असतो. कपाटातली खोकी मी तेव्हा माळ्यावर टाकली. जरा वाईट वाटलं. दाखवायला आता घरात काही नव्हतं.

पण दाखवण्यासारखं तिने पडद्यावर करून ठेवलं होतं. तिने सोलापूर वसवलं. मध्ये तळं, तळ्यात देऊळ, काठाला किल्ला. गिरणीची चिमणी तिने पाडली नाही, तिच्याभोवती बाग केली. विणकरांच्या वस्तीत घरांना मागचं दार दिलं, कारण माग घरात असला की हवा लागते. आणि पाणी! टाक्या कुठे, उंची किती, कोणत्या पेठेला किती तास, हे सगळं तिने वहीत गणित मांडून बसवलं. त्या शहरात नळाला रोज पाणी येतं. आमच्या घरात बादल्या, पिंपं, पातेली भरून ठेवलेली, आणि ती पडद्याकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगायची, "माझ्या सोलापुरात रोज पाणी येतं."

तिने ते शहर त्या दुकानाच्या पानावर सगळ्यांसाठी खुलं केलं. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं ते उतरवून घेऊ लागली. एकाने विचारलं, एवढ्या टाक्या कशाला? तिने तिच्या साध्या इंग्रजीत उत्तर दिलं, "कारण मला पाण्याची किंमत माहीत आहे." त्या उत्तराचा फोटो मी कारखान्यातल्या प्रत्येकाला दाखवला आहे. काहींना दोनदा.

याच दिवसांत भाचा आला. मंगळवेढ्याच्या बहिणीचा मुलगा, कॉलेजात शिकणारा.

"मामा, मामीचं खातं द्या की. लई भारी गेम हायत त्यात."

"तिला विचार."

"मामी देणार व्हय? तिनं आजवर पेपरात कुणाला पेन्सिल तरी दिलीय का? तुमीच द्या. पूर्वी अख्ख्या कॉलनीला सीड्या वाटत होता म्हणं, आन् भाच्यालाच न्हाई?"

हा शेवटचा टोमणा मला लागला. मोठ्या मनाचा माणूस म्हणून माझं जे नाव होतं, ते सीड्यांबरोबर माळ्यावर गेलं होतं. भाच्यापुढे ते एकदा खाली काढावंसं वाटलं. मी पासवर्ड दिला, आणि तिच्या फोनवर आलेला आकडाही वाचून दाखवला. तिचा फोन चार्जिंगला होता, ती स्वयंपाकघरात होती. इतकं सोपं होतं ते.

पुढच्या खेपेला भाच्याने ज्वारीचं पोतं आणलं. मंगळवेढ्याची ज्वारी, मोत्यासारखी. बायको हरखून गेली. "बघा, न सांगता आणली. गुणी आहे हो पोरगा." मला कळलं, घेतलेलं भांडं भरून परत आलं होतं.

काही आठवड्यांनी तिच्या खात्याच्या पानावर लाल अक्षरांत एक ओळ उमटली. या खात्यावरून खेळताना चीटिंग आढळलं, अशा अर्थाची. ती ओळ जगात कुणालाही दिसत होती, अगदी तिच्या शहराच्या वरच. खाली कुणीतरी लिहूनही टाकलं होतं की शहर छान आहे, पण बाई चीटर निघाल्या.

तिने चष्मा लावून ती ओळ पुन्हा वाचली. "मी?" ती म्हणाली. "मी कॉपी केली?"

आता तिच्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. तिच्या वर्गात कॉपी करताना सापडलेल्या मुलाला ती मारत नाही, बाहेर काढत नाही. त्याने उभं राहून, काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. नुसतं 'सॉरी बाई' म्हटलं की ती म्हणते, "पूर्ण वाक्यात." कुणाचं बघितलं, का बघितलं, त्यामुळे कुणाचं नुकसान झालं. सांगून झालं की विषय संपला, पुन्हा उकरायचा नाही. हाताखालून गेलेली मुलं आता बापे झाली आहेत, ती भाजीबाजारात तिला ओळखतात आणि हसून म्हणतात, "बाई, पूर्ण वाक्यात सांगू का?" तिचं नाव म्हणजे एवढंच आहे. त्याच नावावर ती लाल ओळ बसली होती.

मी गच्चीवर जाऊन भाच्याला फोन केला.

"मामा, तसलं काय न्हाय. एक बंदुकीचा गेम टाकला हुता, फुकटातला. त्यात पोरं वरनं एक चोरटं सॉफ्टवेअर लावत्यात. भिंतीपल्याडचं दिसतं, बास."

"भिंतीपलीकडचं?"

"व्हय. कोण कुटं लपलंय त्ये. समदीच करत्यात. मामीला सांगू नका हां."

मी सांगितलं नाही. खाली येऊन मी म्हणालो, "दुकानाच्या मशीनची चूक असणार." आणि मग मी सुरूच झालो. ऑनलाइन दुकानात हे असंच. समोर गल्ला नाही, गल्ल्यावर माणूस नाही, जाब कुणाला विचारणार? पैसे पूर्ण घेतात आणि माल त्यांच्याच ताब्यात ठेवतात. मनात आलं तर खात्यावर शिक्का मारतात, खात्याबरोबर सगळे गेम अडकून पडतात. सीडी होती तेव्हा कुणाची हिंमत होती का आपल्या कपाटावर काही लिहायची? हेच व्याख्यान मी तिच्या शाळेतल्या शिक्षकांना चहाच्या वेळी दिलं, शेजाऱ्यांना दिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सांगितलेले तोटे खरे होते. आजही मला ते खरेच वाटतात. फक्त आमच्या बाबतीत काय घडलं, ते खोटं होतं. खोटं लपवायला इतकं खरं बोलावं लागतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. दुकानाला तक्रार लिहिली. 'माझा पासवर्ड मी कधीही कुणाला दिलेला नाही.' हे वाक्य तिने मला वाचून दाखवलं आणि व्याकरण तपासायला सांगितलं. मी तपासलं. उत्तर आलं की तपासणी पूर्ण झाली आहे, ओळ काढता येणार नाही. गेम तिचेच राहतील, शहर राहील, ओळही राहील. त्या दिवसांत जेवताना ती म्हणायची, "ताटात भाकरी का टाकलीत? एवढी चांगली ज्वारी आहे."

मग तिच्या शाळेचं प्रदर्शन आलं. सातवीच्या वर्गाने पाणी हा विषय घेतला होता आणि तिने ठरवलं होतं की मुलांना आपलं सोलापूर दाखवायचं. मी म्हणालो, "ती ओळ दिसेल." ती म्हणाली, "दिसू दे. मी काही केलं असेल तर लाजेन."

कॉम्प्युटर स्कूटरवर पायाशी धरून मी शाळेत नेला. शाळेच्या प्रोजेक्टरसमोर भिंतीवर पांढरी चादर लावली, आमच्याच कारखान्यातली. तिने शहर उघडलं तेव्हा वर्गातून जो आवाज आला तो मी विसरणार नाही. मुलांनी तळं ओळखलं, चिमणी ओळखली. एक मुलगी ओरडली, "बाई, आमचं घर! ते मागच्या दारवालं!" तिने टाक्या दाखवल्या, उतार दाखवला, पाणी उंचावरून खाली कसं पोचतं ते दाखवलं. एका पोराने विचारलं, "बाई, मग खऱ्या सोलापुरात का येत नाही रोज?" ती म्हणाली, "ते तू मोठा होऊन बघायचं. गणित इथे आहे." मी मागच्या बाकावर बसलो होतो. ऊर भरून आला होता. ही माझी बायको, असं शेजारच्या खिडकीला सांगावंसं वाटत होतं.

मग बाहेरच्या देशांतल्या लोकांनी काय लिहिलं ते दाखवायला तिने दुकानाचं पान उघडलं. चादरीवर ती लाल ओळ हातभर लांब दिसली.

पहिल्या बाकावरच्या मुलीने अक्षरं लावून वाचलं. "बाई, इथे चीटिंग लिहिलंय."

मागून कुणीतरी म्हणालं, "बाईंनी कॉपी केली!" वर्ग खदाखदा हसला. "पूर्ण वाक्यात, बाई!" आणखी एकजण ओरडला.

ती रागावली नाही. "बाळांनो, ती त्यांची चूक आहे," ती शांतपणे म्हणाली. "त्यांच्या मशीनची. माझा पासवर्ड मी कुणालाही दिलेला नाही. हवं तर मागे बसलेल्या या सरांना विचारा, त्यांना यातलं जास्त कळतं." आणि तिने माझ्याकडे बघितलं, निवांतपणे, जसं आपल्या माणसाकडे बघतात.

वर्गात कधी खोटं न बोललेली बाई माझं खोटं मुलांना शिकवत होती.

मी उभा राहिलो. बाक लहान होता, गुडघा आपटला. पोरं पुन्हा हसली.

"सॉरी," मी म्हणालो.

तिला आधी समजलं नाही. मग समजलं. चेहऱ्यावर काय आलं आणि गेलं ते मला लिहिता येत नाही. तिने हातातली छडी, जिने ती टाक्या दाखवत होती, टेबलावर ठेवली.

"पुढे या," ती म्हणाली. "पूर्ण वाक्यात."

मी पुढे गेलो. लाल ओळ माझ्या शर्टावर पडली. मुलांकडे नव्हे, तिच्याकडे बघून मी म्हणालो, "हे खातं तुझं आहे. त्याचा पासवर्ड मी माझ्या भाच्याला दिला. देऊ नये हे तू मला वाचून दाखवलं होतंस. त्याने माझ्याकडे मोठ्या मनाचा माणूस म्हणून बघावं म्हणून दिला. कॉपी त्याने केली, ती लपवली मी, आणि नाव तुझं गेलं. दुकानाचं काही चुकलं नाही. तुझं तर काहीच चुकलं नाही. मी चुकलो. मला माफ कर."