दोन वर्षं राहिलेली कॉमेंट

शेणव्याच्या हरेशइतका किरकिऱ्या माणूस मी पाहिला नाही. ठाण्याच्या आमच्या कंपनीत रुग्णाच्या खाटेशेजारी ठेवायची, नाडी दाखवणारी आणि ती बिघडली की भोंगा वाजवणारी यंत्रं बनत. त्यांची ऑपरेटिंग सिस्टिम आमचीच, आणि मेमरीचं कुठलं पान, म्हणजे तुकडा, कोणत्या कामाला द्यायचं, परत कधी घ्यायचं, हा भाग हरेशचा. कोडच्या डोक्यावर माणसांना वाचायला लिहिलेली कॉमेंट एका शब्दाने जरी जुनी झाली, तरी हा डबा खाता खाता उठून ती दुरुस्त करी. आम्ही त्याला कारकून म्हणायचो.

शेणव्याच्याच बाजूच्या टोकावड्याची नम्रता कामाला लागली, तेव्हा आपल्याकडची पोरगी म्हणून त्याने तिला हाताशी घेतलं. "माजी कॉमेंट असली तं खालचा कोड वाचत बसू नको गो," तो सांगायचा. तीही तसंच करायची.

२००४च्या जुलैत त्याने पान परत घेणाऱ्या फंक्शनमध्ये बदल केला. आधी ते स्वतःच लॉक लावायचं, म्हणजे एका वेळी एकाच कामाला पानाला हात लावता येई. आता ते वापरणाऱ्याने आधी लॉक लावायचं होतं. जुन्या सगळ्या ठिकाणी त्याने तसं केलंही. फंक्शन स्वतःच लॉक लावतं, असं सांगणारी कॉमेंट तेवढी बदलायची राहिली. दुसऱ्या दिवसापासून भातलावणीची आठ दिवसांची रजा होती. आल्यावर लिहू, म्हणाला.

तो चिखलात असताना नम्रताने ते फंक्शन वापरलं. तिने कॉमेंट वाचली आणि लॉक लावलं नाही. त्यामुळे एकच पान कधीमधी दोन कामांना जाऊ लागलं. चाचणीत ते सापडलं नाही. दिवाळीत एका रुग्णालयात यंत्र गोठलं, भोंगा वाजला नाही आणि खाटेवरची बाई गेली. बिघडलेला कोड नम्रताच्या नावावर होता. तिला काढून टाकलं.

चूक आपल्या जुन्या कॉमेंटची, हे हरेशला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि हा शहाणा तोंडात गुळणी धरून बसला. कॉमेंट बदलली असती तर ती चुकीची होती हे उघड झालं असतं, म्हणून तीही त्याने तशीच ठेवली. बाकीच्या फाइली मात्र लख्ख. मला सांगितलं तेव्हा दोन वर्षं उलटली होती. मला त्याची किळस आली. दुसऱ्या दिवशी मीच त्याला मोटरसायकलवर बसवून टोकावड्याला नेलं.

नम्रता ओटीवर तांदूळ निवडत होती. कंप्युटरला तिने पुन्हा हात लावला नव्हता. हरेशने दुरुस्त कॉमेंटचा छापील कागद पुढे केला. बदल आपला आणि चूकही आपली, असं त्यात लिहिलं होतं.

तिने तो वाचला. खालची कालची तारीख तिने पुन्हा वाचली.

"त्या बाईच्या घरी मी दर दिवाळीला जाते, दादा," ती म्हणाली. "तिच्या पोरीनं मला अजून दारातून आत घेतलं नाय."

मग कागदाची घडी घालून तिने तो त्याच्या हातात परत दिला.

"तिला वाचून दाखवा."