ओढ्यापलीकडची अंबूबाई

कोल्हापूरच्या राजारामपुरीत अंबादास बावडेकरांचा फोटो स्टुडिओ होता. आठवडाभर लग्नाच्या मुलींचे आणि नोकरीच्या अर्जांचे फोटो काढायचे, आणि रविवारी एस.टी. पकडून सीमाभागात जायचं, असं त्यांनी १९६१पासून चोवीस वर्षं केलं. नंदीबैलवाले, गोंदणाऱ्या बायका, मराठी-कानडी मिसळून बोलणारी गावं. "हे सगळं नाहीसं होत चाललंय, कुणीतरी टिपून ठेवायला हवं," असं ते बायकोला, कालिंदीबाईंना सांगत.

निपाणीच्या अलीकडं एका गावात ओढा हीच दोन राज्यांची हद्द होती. अलीकडं चिमणाबाई, पलीकडं तिची सख्खी बहीण अंबूबाई. दोघी आपापल्या काठावर धुणं धुवत तासभर बोलत बसायच्या.

"फोटूत हद्द दिसती व्हय वो, पावणं?" चिमणाबाईनं एकदा विचारलं.

"नाही."

"मग कशाला एवढ्या लांबनं येताय?"

अंबादासांनी कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला.

पलीकडं दोनदा पोलिसांनी हेर समजून कॅमेरा उघडला. रीळ वाया गेलं. १९६७ साली कोल्हापुरात सीमाप्रश्नावर प्रदर्शन ठरलं. संयोजक गणपतरावांनी चाळीस फोटो मागवले आणि त्यांतले अकरा बाजूला काढले.

"ह्यात कानडी पाट्या दिसत्यात. आपली बाजू लंगडी पडंल की."

"गावात त्याच पाट्या आहेत."

"असू द्यात. भिंतीवर नकोत."

अंबादास सगळेच फोटो पिशवीत भरून घरी आले. पुन्हा कुणी मागायला आलं नाही. ते जात राहिले, पण आता सवयीनं. पावसाळ्यात निगेटिव्हना बुरशी लागायची, ती पुसायचाही कंटाळा येऊ लागला.

१९८५ साली गुडघे धरले. ज्यांचे फोटो त्यांना वाटून टाकायचे आणि थांबायचं, असं ठरवून ते निघाले. चिमणाबाई आदल्या वर्षीच गेली होती. ओढा ओलांडून ते अंबूबाईकडं गेले.

"आमा दोगींचा एकत्र हाय का?"

गठ्ठ्यात एकच निघाला. त्यात चिमणाबाई पाठमोरी होती.

"तिचा चेहरा नाही आला," अंबादास ओशाळून म्हणाले. "दोघींना शेजारी बसवावं, हे मला कधी सुचलंच नाही."

अंबूबाई फोटोवरनं बोट फिरवत राहिली. "तोंड तर माझ्या डोळ्यापुढं हाय की. अशी पाठमोरी कवा नीट बघितलीच न्हवती."

तिनं चहा टाकला. साडेचारची गाडी गेल्याचा आवाज आला, पण अंबादासांना उठवेना. ते भिंतीला टेकून बसले. त्या दिवशी त्यांनी कॅमेरा आणलाच नव्हता.