मास्तर आणि उजवीकडचा तबला

एका स्वस्तातल्या पिनेपायी मी अख्खा तबलजी गायब केला. तोही आधीच वारलेला.

तेव्हा चंद्रपुरात माझं कॉम्प्युटरचं दुकान होतं. टायपिंग, लग्नपत्रिका, आणि दारावर पाटी : 'जुन्या कॅसेटची सीडी करून मिळेल.' पाटी लावली तेव्हा मी एकाही कॅसेटची सीडी केलेली नव्हती. ती वाचून पहिले आले ते ऑर्गनमास्तर.

मास्तरांचं आयुष्य झाडीपट्टीच्या नाटकांना ऑर्गन वाजवण्यात गेलेलं. धान निघालं की गावोगावी मंडईची जत्रा, मंडई आली की नाटक, आणि नाटक म्हटलं की मास्तर. त्यांना जगातला प्रत्येक आवाज कुठल्या ना कुठल्या पट्टीत ऐकू यायचा. दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या वर बघून म्हणाले, "तुह्या पंखा काळी दोनमधी रडून राह्यला. तेल दे त्याले." माणसांचंही तेच. एसटीतला कंडक्टर काळी पाच, त्यांची स्वतःची बायको पांढरी चार, "पन रागात असली का वरची." मी हौसेनं विचारलं, "आन मी?" मास्तरांनी तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा या गालातून त्या गालात नेला. "तू अजून लागला नाईस."

त्यांचा तबलजी गोमा. जोडी जुनी आणि भांडणही तेवढंच जुनं. गोमाला धीर नव्हता, लय वाढवायची खोड. भर नाटकात मास्तर ओरडायचे, "अबे, थांबवा कोनी त्याले! कोन्ती बस पकडाची हाये का?" की गोमा आणखी जोरात. लोक नाटकाइतकेच या भांडणासाठीही यायचे. एकदा कोणी नांदी रेकॉर्ड करायला आला, तर एका माइकवरून दोघांची ओढाताण झाली. शेवटी त्या बिचाऱ्यानं दोन माइक लावले. डावा मास्तरांचा, उजवा गोमाचा. तीच ही कॅसेट.

"गोमा पावसाळ्यात गेला," मास्तर म्हणाले. दाराबाहेर जाऊन खर्रा थुंकून आले, मग पुढचं बोलले. "औंदा त्याच्याच गावच्या मंडईत नाटक हाये. नवा तबलजी देऊन राह्यले मले. मी म्हनलं, गोमा वाजवन तं मी बसन, नाई तं ऑर्गन घरी. पन कॅसेट गुतते रे. मधीच अटकली तं? तू शिडी कर. माह्या ऑर्गन काढता आला तं काढ, नाई तं राहू दे. गोमा पाहिजे."

मी टेपरेकॉर्डरच्या वायरीची स्वस्तातली पिन कॉम्प्युटरच्या मागच्या निळ्या भोकात खुपसली. पडद्यावर हिरव्या लाटा उसळल्या. नांदी ऑर्गनवरच सुरू होते. तेवढं ऐकलं, स्वतःची पाठ थोपटली आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तेव्हाही लाटा उसळतच होत्या. आणखी काय पाहिजे?

गोमाच्या गावात भर दुपारी तालीम होती. गोमाची बायको सुगंधाबाई सगळ्यांत पुढे, पदर सावरून बसलेली. नवऱ्याचा हात ऐकायला आली होती. मास्तर ऑर्गनवर बसले, बोटं तयार. मी ऐटीत सीडी लावली. ऑर्गन वाजला. वाजतच राहिला. नुसताच.

मास्तर म्हणाले, "आवाज वाढव." मी वाढवला. आणखी ऑर्गन आला.

"हा कोन भिकार वाजवून राह्यला बे?"

"मास्तर, तुमीच."

"मी?" त्यांनी बोटं उचलून मांडीवर ठेवली. थोडा वेळ स्वतःलाच ऐकत बसले. मग हळूच म्हणाले, "असा वाजवतो मी? आन मले वाटे, गोमाले मी सांभाळून राह्यलो."

बोलली ती सुगंधाबाई. "मास्तर जलमभर बोंबलले, थांबवा त्याले, थांबवा त्याले. कोनाच्यानं झालं नाई. तुमच्यानं झालं, भाऊ."

मंडळी खो खो हसली. मास्तर हसले नाहीत. "कॅसेट कुठी हाये? का तिले बी मारलं?" मी पिशवीतून काढून दिली. त्यांनी आतली फीत नखानं उचलून पाहिली आणि कॅसेट पुन्हा माझ्याच हातात दिली. देताना थोडी जास्तच वेळ धरून ठेवली.

नाटक परवावर आलेलं. मिळाली ती बस पकडून चंद्रपूर गाठलं. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं माझी पिन पाहिली आणि माझ्याकडेही तशाच नजरेनं पाहिलं. पिनेवर काळी रेघ एकच होती. तशी पिन एकाच बाजूचा आवाज आणते, दोन्ही बाजू हव्या तर दोन रेघांची लागते. दोन रेघांची आणली. डावी बाजू बंद केली. उजवीकडून गोमा आला. या वेळी चहाला गेलो नाही.

मंडईत लाउडस्पीकरच्या पोंग्यातून गोमाचा तबला सुरू झाला आणि सुगंधाबाईनं पदर तोंडाशी नेला. मास्तरांनी सूर धरला. दुसऱ्याच ओळीला गोमा पुढे पळाला, आणि मास्तर सवयीनं ओरडले, "हळू बे! कोन्ती बस..."

एरवी या ओरडण्यावर गोमा आणखी जोरात जायचा. या वेळी तबला होता त्याच लयीत राहिला. मास्तरांचं वाक्य तसंच अर्धं राहिलं. त्यांनी मान खाली घातली आणि सूर गोमाच्या मागे पळवला. गाठलं त्याला. त्यानंतर जितके हंगाम वाजवले, गोमाला एकदाही ओरडले नाहीत.

मास्तर गेले ते उन्हाळ्यात. पुढच्या मंडईला मंडळींनी निरोप धाडला, नांदीची शिडी घेऊन या. या खेपेला दोन्ही बाजू घेतल्या. डावीकडे मास्तर, उजवीकडे गोमा. बसच्या प्रवासानं थकलेला मी गावात उतरलो, तर सुगंधाबाई मांडवाच्या दाराशीच उभी. मी सीडी पुढे केली. तिनं घेतली, उलटीपालटी करून पाहिली, माझ्याकडे पाहिलं.

"आज तरी दोघंही हायेत ना, भाऊ? का आता मास्तरले गायब करून आले?"