माझ्यापायी खोळंबलेली वाडी

रानात जाऊन स्वतःला शोधणाऱ्यांची मला किळस येते. हे मी हक्काने म्हणतो, कारण त्यातला एक नग मीच होतो. पुण्यातली नोकरी सोडली, दाढी वाढवली आणि पोलादपूरच्या डोंगरात एका वाडीच्याही वर जाऊन राहिलो. घर मुंबईला गेलेल्या कुटुंबाचं. मी आयत्या बिळावर नागोबा. समाजाचा वीट आलाय, असं येईल त्याला ऐकवायचो. त्याच समाजातले एक काका रोज तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं वर आणून द्यायचे, ते मात्र निमूट गिळायचो. एकांत म्हणे!

एकदा तीन दिवस पाऊस हटला नाही आणि वरच्या उताराला भेग दिसली. तळीयेवर दरड कोसळल्यापासून अशा वेळी इथे कुणी वाद घालत नाही. सगळ्यांनी खालच्या शाळेत जायचं ठरलं. काका मला बोलवायला आले.

"तुम्ही उतरा. मी निसर्गाच्या स्वाधीन झालोय," मी म्हणालो. हे वाक्य मी खरोखर उच्चारलं. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

काका उंबऱ्यावर बसले. खाली वाटेवर अख्खी वाडी गाठोडी घेऊन उभी होती. माणूस मागे ठेवून वाडी उतरत नाही, ही तिथली रीत. काकांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली, आठवा महिना सरलेला. तीही प्लास्टिकचा कागद पांघरून त्यांच्यात थांबली होती. मी तासभर मृत्यूवर प्रवचन झोडलं.

"तुमाला मरायचं तर मरा वो," काका शेवटी म्हणाले. "पन मंग मातीत तुमाला शोधायला आमचीच पोरं येनार. ती मला नाय घालवायची."

मी चपला घातल्या.

शाळेच्या वाटेवरचा ओढा तोवर कमरेला लागला होता. तासापूर्वी घोट्याएवढा होता, असं कुणीतरी माझ्याकडे न बघता म्हणालं. चौघांनी धरून मुलीला पाण्यात उतरवलं. मधोमध तिचा पाय सुटला आणि तिने दोन्ही हातांनी पोट आवळलं. चौघांनी तिला कशीबशी ओढून पलीकडे नेलं.

काठावर पोचल्यावर ती मागे वळली. मला म्हणाली, "दादा, सांभाळून या. मधला दगड हलतोय."

त्यापेक्षा तिने शिवी हासडली असती, तर मी सुटलो असतो.