जवानच्या तुकड्याला लावलेलं तेल

माझे वडील सैन्याच्या श्वान पथकात होते. निवृत्त होऊन वाईजवळच्या आमच्या गावी आले, शेती बघायला लागले, उसाला पाणी पाजायला लागले, पण एक सवय काही सुटली नाही. कुत्र्याबद्दल रोज वहीत लिहायचं. त्यातही जे दिसेल तेवढंच लिहायचं, वाटेल ते नाही. मी सांगलीला राहतो, कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो आणि स्वभावाने बरोबर उलटा आहे. मला आधी वाटतं आणि मग दिसतं. त्यामुळे आमचं दोघांचं फोनवरसुद्धा पाच मिनिटांच्या वर कधी धडपणे चाललं नाही.

घरातला कुत्रा अर्धा कारवानी या शिकारी जातीचा, अर्धा गावठी. वडील त्याला जवान म्हणत. तेरा वर्षांचा झाला आणि त्याचे मागचे पाय गेले. गेले म्हणजे सांधे आखडले. सकाळी उठायला जायचा, मागचं धड फरशीवर घसरायचं आणि तो तसाच बसून आमच्याकडे बघायचा. गावी आलो की ते बघणं मला सहन व्हायचं नाही, मी सरळ उठून बाहेर जायचो. वडील मात्र तिथेच उभे राहून मोजायचे आणि वहीत लिहायचे, "सहा प्रयत्न. उठला नाही." मला त्यांचा राग यायचा.

वाईच्या जनावरांच्या डॉक्टर तरुण आहेत, स्कूटरवरून येतात. त्यांनी वेदनाशामक गोळ्या दिल्या होत्या, पण रक्ताच्या तपासणीत त्याचं लिव्हर बिघडायला लागलेलं दिसलं आणि गोळ्या बंद कराव्या लागल्या. तेव्हा मीच तेलाचा विषय काढला. आमच्या वर्कशॉपमधल्या एकाच्या म्हाताऱ्या कुत्रीला सांगलीच्या डॉक्टरांनी सीबीडी तेल दिलं होतं आणि ती पुन्हा जिना चढायला लागली होती. मी वडिलांना हे सांगितलं आणि ते तेल भांगेच्या झाडापासून काढतात हेही सांगून बसलो.

"म्हंजे गांजा?" वडील म्हणाले.

"नाही. नशेचा भाग त्यात जवळजवळ नसतो."

"जवळजवळ म्हंजे किती?"

हा प्रश्न त्यांनी मग वाईला जाऊन डॉक्टरांनाच विचारला. डॉक्टरांनी न कंटाळता समजावून सांगितलं. नशा चढेल एवढं काही त्यात नसतं, पण बाजारात काहीही मिळतं, म्हणून आपण चिठ्ठी देऊ तेच आणायचं. काही कुत्र्यांना सांधेदुखीत फरक पडतो, काहींना नाही. झोप येऊ शकते. याच्या लिव्हरकडे बघता थेंब अगदी कमी ठेवू आणि रक्त पुन्हा तपासू. खात्री देत नाही म्हणाल्या. वडिलांना हे शेवटचं वाक्य फार आवडलं. "बाई खरी हाय," असं त्यांनी मला परत येताना दोनदा सांगितलं.

मग त्यांनी मुदत ठरवली. तीन आठवडे तेल द्यायचं. तीन आठवड्यांनी जवान स्वतःच्या पायावर उठला नाही, तर डॉक्टरांना बोलावून, इंजेक्शन देऊन त्याला मोकळं करायचं. मी काहीतरी बोलायला गेलो तर म्हणाले, "त्याला न्हाई सोसत. तुला सोसत न्हाई म्हनून त्याला किती दिस ठिवायचा?"

मी बाटली आणून दिली आणि सांगलीला परतलो. रोज संध्याकाळी फोन करायचो. "फरक न्हाई," वडील म्हणायचे. दहाव्या दिवशी, "फरक न्हाई." पंधराव्या दिवशी तेच. मी म्हणालो, थोडातरी असेल, नीट बघा. "मी नीटच बगतो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला वाटायचं, हा माणूस मनातून कधीच मोकळा झालाय, आता फक्त तारखेची वाट बघतोय.

विसाव्या दिवशी रजा टाकून गावी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर इंजेक्शन घेऊन येणार होत्या. एसटीतून उतरून घरी पोहोचलो तर जवान अंगणात पडून होता. शेपूट हलवली, मान उचलली, पण उठला नाही. वडील डेअरीला दूध घालायला गेले होते. आईने चहा टाकला आणि नेहमीप्रमाणे माझ्या पोटाच्या घेराची चौकशी केली. मग सहज म्हणाली, "मला मातर आजकाल लय गाढ झोप लागती बग. आडवी झाले की सकाळच."

मी म्हणालो, बरं आहे की.

"आन तुज्या वडलांची काय कमाल सांगू. जल्मात कवा भाकरीला तूप लावून दिलं न्हाई कुनाला. आता कुत्र्याच्या तुकड्याला रोज तूप! वास जरा गवतावानी येतो, पर तूप हाय म्हनून जातं खपून."

माझा कप तसाच राहिला. "तुला कसं कळलं वास कसा येतो ते?"

"मीच खाते की! रातची वाळली भाकरी ती, त्याला कुठनं चावंल म्हाताऱ्याला? मी त्याला ताजी दुधात कुस्करून घालते. आन ह्यो तुकडा टाकायचा कशाला, तूप लावल्याला? मी खाते चहासंगं."

घरातली शिळी भाकरी आई खाते, हे मला जन्मापासून माहीत आहे. वडिलांनाही माहीत आहे. ते पहाटे तुकड्याला तूप लावून, थेंब मोजून टाकून, तो चुलीच्या वैलाजवळ ठेवायचे, "कुत्र्याला घाल," एवढंच सांगायचे आणि डेअरीला जायचे. औषधाचं आईला बोलले नव्हते. का, तर बायकांच्या तोंडात राहणार नाही आणि उद्या गाव म्हणेल, फौजी कुत्र्याला गांजा चारतो. म्हणजे वीस दिवस वहीत जवानची नोंद होत होती आणि तेल जात होतं आईच्या पोटात. मला आधी हसू फुटलं. मग उद्या सकाळचं इंजेक्शन आठवलं आणि हसू तिथेच थांबलं.

वडील आल्यावर मी सगळं सांगितलं. ते किटली हातात घेऊन तसेच उभे राहिले. मला वाटलं, आता आईवर ओरडणार. त्यांनी किटली खाली ठेवली आणि आईजवळ जाऊन विचारलं, "तुला काई तरास? चक्कर? मळमळ?" लगेच डॉक्टरांना फोन लावला, आईच्या बीपीच्या गोळ्यांचंही सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, थेंब कुत्र्याच्या हिशोबाचे होते, घाबरू नका. पण त्या बीपीच्या गोळ्या घेतात ना, मग आजच्या आज त्यांच्या डॉक्टरांना दाखवून आणा, आणि हे तेल पुन्हा अजिबात घेऊ नका. वडील आईला दुपारीच वाईला नेऊन दाखवून आले. आईचं सगळं ठीक होतं. बिघडला होता तो फक्त तिचा पारा.

"आवं, मला भांगंचं त्याल खाऊ घातलंसा?"

"घातलं न्हाई. तू खाल्लंस."

"सांगितलं असतंसा तर खाल्लं असतं का मी? घरात दोन मानसं, आन तुमचं सगळं गुपित! शत्रू हाय व्हय मी?"

वडिलांनी वही काढली, पट्टी घेतली आणि वीस दिवसांच्या प्रत्येक पानावर एक तिरकी रेघ मारली. मी म्हणालो, फाडून टाका की सरळ. "फाडायचं नसतं," ते म्हणाले. "चूक बी दिसाय पायजे." शेवटच्या पानाखाली त्यांनी लिहिलं, "औषध कुत्र्याला मिळाले नाही. चूक माझी." आणि सही केली. ज्या माणसाला मी दगड समजत होतो त्याच्याबद्दल माझ्या मनात त्या क्षणी एवढा आदर दाटून आला की मला तिथे उभं राहवेना.

मी अंगणात गेलो. वडील मागून आले तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता. "नोकरीत एका कुत्र्याला मोकळं करायची मी घाई केली हुती," ते म्हणाले. "उद्या दुसऱ्यांदा झाली असती."

पुन्हा पहिल्या दिवसापासून तीन आठवडे सुरू झाले. थेंब आता आई देऊ लागली, दुधात कुस्करलेल्या ताज्या भाकरीवर तूप घालून, त्याच्या तोंडाशी वाटी धरून. सुरुवातीला जवान फारच झोपायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी एक थेंब कमी केला. फरशीवर घसरू नये म्हणून गोणपाट टाकायलाही सांगितलं. फोनवर आकडे येऊ लागले. पाच प्रयत्न, नाही उठला. चार प्रयत्न, अर्धा उठून बसला. तेराव्या दिवशी मी म्हणालो, बघा, लागू पडलं तेल! "त्यालानं का गोणपाटानं, ते सांगता येत न्हाई," वडील म्हणाले, "पर शेपटी जास्ती हलतीय." त्यांनी हलणाऱ्या शेपटीची नोंद केली असेल यावर माझा विश्वास बसेना. केली होती.

एकविसाव्या दिवशी सकाळी मी गावी होतो. वडिलांचा नियम असा, की कुणी हाक मारायची नाही, हात लावायचा नाही आणि खाणं दाखवायचं नाही. स्कूटरचा आवाज आला. डॉक्टर बॅग घेऊन फाटकात थांबल्या. जवानने कान उभे केले, पुढचे पाय रोवले, जोर लावला. मागचं धड उचललं आणि खाली बसलं. आईने तोंडाला पदर लावला. वडील हलले नाहीत. जवानने थोडा दम घेतला, पुन्हा जोर लावला आणि उभा राहिला. पाय थरथरत होते. तसाच तो हळूहळू फाटकापर्यंत गेला आणि डॉक्टरांची बॅग हुंगू लागला.

डॉक्टरांनी खाली बसून त्याच्या मांड्या चाचपल्या, रक्त घेतलं आणि म्हणाल्या, अजून घाई नको, थेंब चालू ठेवा. मग बॅगेची चेन लावली.

वडिलांनी वही उघडली. पेन टेकवलं आणि तसंच उचललं. त्यांनी वही माझ्याकडे दिली.

"लिव. दुसऱ्या प्रयत्नात उठला. सोताच्या पायावर."

मी लिहिलं. त्यांनी डोळे पुसले, अगदी उघडपणे, डॉक्टरांसमोर. मी खाली सहीसाठी वही त्यांच्यापुढे धरली तर त्यांनी ती बाजूला सारली.

"माजी नगं," ते म्हणाले. "औषध तुज्या आईनं दिलंय. सही तिची घे."