वेढ्यात पोचलेलं पत्रक

आमच्या घरात वर्तमानपत्राआधी पत्रकं यायची. बाबा ती लिहायचे, आई घड्या घालायची आणि मी शाळेच्या वाटेवर वाटायचे. बाबांचा नियम एकच होता. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना आधी वाचून दाखवायचं, मग छापायला द्यायचं. वस्तीवर बुलडोझर येणार असला तरी ते आधी एखाद्या झोपडीत बसून मजकूर वाचायचे. वाचताना कुणी मान खाली घातली, की ती ओळ काढायचे.

गेल्या हिवाळ्यात मी तो नियम मोडला.

अमेरिकेत, वॉशिंग्टनजवळ अ‍ॅशबर्नच्या ज्या डेटा सेंटरमध्ये मी आता काम करते, तिथे माझ्या शिफ्टला एक कुर्दी मैत्रीण आहे. तिचा धाकटा भाऊ उत्तर सीरियातल्या एका शहरात, तिथल्या कुर्दी वस्तीसाठी लढत होता. सरकारी फौजांनी वस्तीला वेढा घातला, पाणी तोडलं, तोफा लावल्या. मैत्रीण सर्व्हरसमोर उभी राहून सारखा फोन बघायची. शनिवारी वॉशिंग्टनला निदर्शनं ठरली, तेव्हा तिने पत्रक लिहायला मला सांगितलं. मी ते लंच ब्रेकमध्ये गाडीत बसून लिहिलं. शेवटची ओळ आपोआप आली: एकही पाऊल मागे नाही. तिने घाईघाईत त्याचं कुर्दी केलं आणि आम्ही लगेच ऑनलाइन टाकलं. वाचून दाखवायचं कुणाला? ज्यांच्याबद्दल होतं ते वेढ्यात होते.

निदर्शनं जोरात झाली. घोषणा देऊन माझा घसा बसला, आणि मी खूश होते, हे कबूल करायला हवं.

रविवारी दुपारी तिच्या घरी गेले, तर टीव्ही चालू होता आणि कुणी बघत नव्हतं. करार झाला होता. लढणाऱ्यांनी शस्त्रं ठेवून बसने वस्तीबाहेर पडायचं. तिकडच्या पहाटेला शेवटची बस. सकाळपासून तिच्या आईने मुलाला निरोपावर निरोप पाठवले होते. त्याचं एकच उत्तर आलं होतं. आमच्या पत्रकाचा फोटो, आणि खाली, मी येत नाही.

तिच्या आईला मी मावशी म्हणते. अर्थ सांगितल्यापासून ती त्या हाकेला ओ देते. तिने फोन माझ्यापुढे धरला आणि हे कुणी लिहिलं ते विचारलं. मैत्रिणीने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, मी.

मावशी चिडली नाही. मैत्रीण तिचं बोलणं मला सांगत होती.

"तुला भाऊ आहे?"

"आहे. इथेच अमेरिकेत, शुगर लँडला. इंजिनियर आहे."

"मग त्याला कुठे पाऊल मागे घ्यायचंय."

मी वाद घातला, याची आज लाज वाटते. सरकारच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा, वाटेत बस अडवली तर काय, माघार घेतली की लढा हरतो, असं बरंच काही. बोलताना माझाच आवाज मला मंचावरून आल्यासारखा वाटला. मावशीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हरलेला मुलगा मला चालेल," ती म्हणाली.

मग तिने फोन माझ्या हातात दिला.

मी तिच्या मुलासाठी निरोप रेकॉर्ड केला. दोनदा पुसला. तिसऱ्यांदा म्हणाले, "ती ओळ माझी आहे. मी ती गाडीत हीटर लावून, सँडविच खाता खाता लिहिली. तुमचा लढा बरोबर आहे, हे मी मागे घेत नाही. ओळ मागे घेते. बसमध्ये बस." मैत्रिणीने त्यापाठोपाठ तेच कुर्दीत सांगितलं. निरोप पुन्हा न ऐकता तिने तसाच पाठवला.

तीन तास काही आलं नाही. मावशी तेच तांदूळ पुन्हा पुन्हा निवडत राहिली. मला घरी जायचं होतं आणि जाता येत नव्हतं.

मग व्हिडिओ कॉल आला. अंधारात सीटची पाठ, त्याची हनुवटी, इंजिनाची घरघर. मावशीचा विश्वास बसेना. तिने त्याला फोन खिडकीकडे फिरवायला लावला, मग शेजारच्या माणसाकडे, आणि तेव्हाच ती खाली बसली. मैत्रीण रडत रडत त्याला शिव्या देत होती. मला हसू आलं.

वेढा पडल्यापासून तो ज्या तळघरात होता, तिथेच त्याचे दोन मित्रही होते. ते का दिसत नाहीत, असं मैत्रिणीने विचारलं. ते मागेच राहिले, म्हणाला. पत्रक त्यानेच त्यांना पाठवलं होतं. बस आली तेव्हा त्याने समजावलं, माझा निरोप ऐकवला. तुझ्या बहिणीच्या मैत्रिणीने तुझ्यासाठी ओळ मागे घेतलीय, आमच्यासाठी नाही, असं त्यांतला एक हसत म्हणाला.

मी त्या दोघांचे नंबर मागून घेतले. दोघांना वेगवेगळा निरोप केला, नावं घेऊन. ते निरोप अजून पोचलेले नाहीत.