नूरबानूच्या हातातले हात

कसबा पेठेत नूरबानू मनियारचं बांगड्यांचं दुकान होतं, असं म्हणायचं ते वर पाटी होती म्हणून. एरवी ते भिंतीतलं कपाटच. नूरबानू आत बसली की जागा संपली. गिऱ्हाइकानं बाहेरून फळीला टेकायचं आणि हात तेवढा आत द्यायचा. दुसरी बाई आली तर तिनं रस्त्यात उभं राहून सायकलवाल्यांची बोलणी खायची. तरी बायका यायच्या. काही जणी बांगड्या घ्यायच्या लक्ष्मी रोडवरच्या आरशांच्या दुकानातून आणि भरायला मात्र यायच्या इथे. नूरबानू त्यांनाही भरून द्यायची आणि वर म्हणायची, "आरसे पण आणायचे होतेत की सोबत."

हे कसब तिला सासूनं शिकवलं. सासू मेहरुन म्हणजे खाष्टपणाचा नमुना. नव्या सुनेला तिनं कितीतरी दिवस बांगडीला हातच लावू दिला नाही. दुपारी खोलीचं दार लावून घ्यायची, नणंदा-जावांना ओळीनं बसवायची आणि सुनेला डोळे मिटून एकेकीचा हात दाबायला लावायची. अंगठ्याखालचं मांस किती दबतं, बोटांचे सांधे किती जवळ येतात, हाड नेमकं कुठे अडतं, ते सगळं बोटांना कळलं पाहिजे. चुकून डोळे उघडले की मांडीला चिमटा. "डोळे बाईच्या तोंडावर ठेवायचे आणि बोटं हातावर," मेहरुन बजावायची. "तू हाताकडे बघितलंस की तीही बघणार. बघितलं की भिणार, आणि भ्याली की हाताचं लाकूड होतं. तिला बोलण्यात गुंतव. ती हात विसरली की बांगडी आपोआप जाते."

नूरबानूनं ते असं उचललं की पुढे सासूनंच तोंडात बोट घातलं. गंमत अशी, की घरात ही बाई जेवढ्यास तेवढं बोलणारी. नवरा अय्युब तिला लाडानं मुकी म्हणायचा. पण कोणाचा हात हातात आला की हिला वाचा फुटायची. "हात तापलाय तुझा. ताप अंगावर काढतेस होय?" "एवढी थरथरतेस का? कोण काय बोललं?" मग ती बाई नको नको म्हणत भडाभडा सगळं सांगायची. सांगून होईपर्यंत मनगट भरलेलं असायचं.

अय्युब गेला. मुलगा इम्तियाज बायकोला, सलीमाला, घेऊन बिबवेवाडीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेला. पोरं वाईट नव्हती. इम्तियाज दर शुक्रवारी यायचा, "अम्मी, चला ना आता तिकडे," म्हणायचा, चहा प्यायचा आणि भाजीची पिशवी देऊन जायचा. त्याला वाटायचं, आई दुकानाच्या कमाईसाठी अडून बसलीय. तीही तसंच सांगायची, आणि ते साफ खोटं होतं. खोलीवर परतलं की तिच्या हाताला लागायची ती भांडी, कडी आणि अंथरूण. पाठीवर हात ठेवणारं कोणी नव्हतं, मांडीवर डोकं टाकणारं कोणी नव्हतं. माणसाचा स्पर्श म्हणून काय तो उरला होता, तो गिऱ्हाइकाच्या हाताचा. बिबवेवाडीत तिच्या हातात कोण हात देणार होतं? तेवढ्यासाठी ती रोज दुकान उघडत होती.

आणि नेमकी बोटंच उलटली. आधी मुंग्या यायच्या, मग बधिरपणा राहूनच गेला. एकदा तव्याला बोट टेकलं ते तिला वासावरून कळलं. डॉक्टर म्हणाले, साखरेनं नसा गेल्यात, आता आहे ते जपा. नूरबानूनं हे कोणालाही सांगितलं नाही. इम्तियाजला कळतं तर तो त्याच संध्याकाळी रिक्षा घेऊन दारात उभा राहिला असता.

ती डोळ्यांनी बांगड्या भरायला लागली. पण हाताकडे बघायचं तर तोंडाकडे बघता येईना, आणि सगळा जीव बघण्यात गेल्यावर बोलायला काही सुचेना. बायका गप्प बसून आपल्याच हाताकडे बघू लागल्या. सासू म्हणाली होती त्यातलं अक्षरही खोटं ठरलं नाही. हात ताठ होऊ लागले आणि बांगड्या वाढू लागल्या. आपल्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. पण काही म्हटलं तरी काच ती काच, लागायची ती लागतेच. "चाचींना हल्ली शिष्टपणा आलाय, तोंड उघडत नाहीत," असं कोणी तरी म्हणालं. कसब्यात सकाळी एकीला जे वाटतं ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना वाटायला लागतं. फळी रिकामी राहू लागली. दुपारभर नूरबानू स्वतःचाच एक तळवा दुसऱ्या हातानं दाबून बघायची. दाबणाऱ्या हाताला काही कळायचं नाही आणि दाबलेल्यालाही नाही. फार एकटं वाटायचं तिला तेव्हा.

अशात पलीकडच्या गल्लीतली मंदाकिनी आली. तिच्या लेकीचं, शालूचं, लग्न ठरलं होतं. "चाची, पहिल्या बांगड्या तुम्ही भरल्यात तिला. चुडाही तुम्हीच भरायचा."

नाही म्हणावं, हे नूरबानूला कळत होतं. लग्नाच्या हिरव्या चुड्यातली बांगडी वाढली तर अख्खं घर धास्तावतं. पण नाही म्हटलं तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं की दुकानाला कुलूप. शिवाय खरं सांगायचं तर तिला शालूचा हात हवा होता. ती हो म्हणाली.

चुड्याच्या दिवशी मंदाकिनीच्या घरी सतरंजीवर बायका दाटीवाटीनं बसल्या. धायरीहून शालूची आत्या सोजरबाई आली होती. तिची नजर अशी, की दुधातली माशी शेजारच्या घरातून दिसावी. नूरबानूनं शालूचा हात धरला आणि मान खाली घातली. पहिल्या काही बांगड्या गेल्या. मग कट्‌ असा आवाज झाला आणि हिरव्या काचेवर रक्त दिसलं.

"अगं बया, रगत! पोरीचा हात कापला की गं हिनं!" सोजरबाई ओरडली.

नूरबानू गडबडून पदरानं शालूचं मनगट पुसू लागली. पुसलं, की पुन्हा लाल. जखम कुठे ते सापडेना. ती हात उलटापालटा करून शोधत होती, पुसत होती, आणि रक्त वाढतच होतं.

"चाची," शालू हळूच म्हणाली, "माझं नाहीये ते. तुमचं आहे."

काच नूरबानूच्या अंगठ्यात रुतून बसली होती.

"तुम्हाला कळलं नाही?"

"नाही गं," नूरबानू म्हणाली. "आता काहीच कळत नाही मला. माझी बोटं मेलीयेत."

सोजरबाई म्हणाली, "मग दुसरी कासारीन बोलवा. शुभाचं काम हाय."

शालूनं काच काढली, अंगठ्याला आपला रुमाल बांधला आणि हात पुन्हा पुढे केला. "अर्धा चुडा दुसरीनं भरायचा नसतो, आत्या. चाची, तुम्ही माझ्या तोंडाकडे बघा. कुठे अडतंय ते मी सांगते."

नूरबानूनं मान वर केली. "थांबा," शालू म्हणायची. "थोडं वर. हां, आता." जे बोटांनी सांगायचं ते ती पोरगी तोंडानं सांगत होती. बघता बघता नूरबानूचीही जीभ सैल झाली. सासू कशी आहे, नळाला पाणी येतं का, तिकडे करमेल का, असं सगळं तिनं विचारलं, आणि शालू हसत, मधेच रडत उत्तरं देत राहिली. चुडा पुरा झाला. पुढची एकही बांगडी वाढली नाही. रिवाजाप्रमाणे शालू नूरबानूच्या पाया पडली. "झालं बाई गोड," सोजरबाई म्हणाली आणि चहा सांगायला आत गेली.

"हा शेवटचा चुडा," नूरबानू मंदाकिनीला म्हणाली. "शुक्रवारी इम्तियाज आला की जाते त्याच्याबरोबर. दुकान बंद." मंदाकिनीनं चहाचा कप तिच्या पुढ्यात सरकवला.

कप घ्यायला म्हणून नूरबानूनं खाली बघितलं. तिचा डावा हात शालूच्या मांडीवर होता आणि शालूनं तो आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला होता. तोंडानं ती शेजारच्या मैत्रिणीशी बोलत होती. केव्हापासून धरला होता कोणास ठाऊक. चहा निवून गेला तरी नूरबानूनं नजर उचलली नाही. नजर उचलली असती तर हात अजून धरलेला आहे की सोडलाय, हे तिला कळलं नसतं.